चांगुनाबायचं आवतण

लग्नाला निघायच्या आधी चांगुनाबाय ओटीवर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि उजव्या हाताचा अंगठा स्वतःच्याच नडगीवर जोरात दाबायची. अंगठा काढला की मांसात खड्डा पडलेला असायचा. तो भरेपर्यंत ती त्याच्याकडे टक लावून बघत राहायची. लवकर भरला तर खूश. उशीर लागला तर शेजारच्या पितळी डबीतली पांढरी गोळी काढून कोऱ्या चहाबरोबर गिळायची आणि मला म्हणायची, "काय बगतंस गो? ही माजी मशीन हाय. डागदरच्या मशीनला सेल लागतान, हिला नाय."

पायात पाणी साचलं की असा खड्डा पडतो आणि ते चांगलं लक्षण नसतं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. तेव्हा मला ती तिच्या हजार सवयींपैकी एक वाटायची. उभ्यानं जेवणं, दारात चपला उलट्या दिसल्या की शिव्या देत सरळ करणं आणि पायाला खड्डा पाडणं.

आम्ही तिचे भाडेकरू. माझे वडील साताऱ्याकडून आले ते एपीएमसी मार्केटला कांद्याची पोती उचलायला. गोठिवली गावात चांगुनाबायच्या चाळीत खोली मिळाली आणि माझा जन्म तिथलाच. तिच्या घरची भातशेती आणि खाडीकडचं मिठागर शहर वसवताना गेलं. गावठाणात जी जागा राहिली तिच्यावर तिच्या नवऱ्यानं, बाळारामनं, आधी चाळ बांधली. तो गेल्यावर मुलानं, भरतनं, चाळ पाडून तीन मजली इमारत उभी केली. भाडेकरू तेच राहिले, फक्त भाडं आणि जिना वाढला. मी बी. एस्सी. झाले. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. निकालाच्या दिवशी चांगुनाबायनं मला पाटावर बसवून ओवाळलं होतं. म्हणाली होती, "आमची पोरा जमिनी इकून गाऱ्या घेतान. तुज्या बापसानं पाठ इकली न तुना शिकवली. त्याचं पाय धर आदी, मंग माजं." तेव्हापासून तिनं माझं नाव टाकूनच दिलं. मला ती 'बीयेस्सी' म्हणायची. गल्लीच्या टोकावरून हाक यायची, "ए बीयेस्सी, इकरं ये, ह्या शिशीवर काय लिवलंय?"

चांगुनाबाय धवलारीण होती. ज्यांनी आगरी लग्न बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भटजी हल्ली आले. त्याआधी या गावांत लग्न लावायची ते धवलारीणच. हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणतात, आणि ते सगळं तिच्या तोंडी. एरवी तिला 'म्हातारे, बाजूला हो' म्हणणारे बिल्डर मांडवात तिच्या पाया पडायचे. गळ्यात सोन्याची साखळी, हातात दोन फोन आणि डोकं तिच्या पावलावर. ती त्यांच्या डोक्यावर थाप मारून म्हणायची, "ऊठ, पोट सुटलंय, वाकताना फुटल."

सगळ्या धवल्यांमधला मोठा म्हणजे आवतणाचा. मांडवात उंबराची फांदी रोवली की ती तिच्यासमोर मांडी घालून बसायची आणि देवांना लग्नाचं आमंत्रण द्यायची. आधी गावदेवी, मग वेशीवरचे देव, खाडीकाठचे, शेताचे, मिठागराच्या राखणीचे, आणि सगळ्यात शेवटी त्या घरातली मेलेली माणसं. एकेकाचं नाव घेऊन. 'या, बसा, तुमच्या लेकराचं लग्न आहे.' नाव घेतलं की तो आला असं धरायचं, तिच्या सहकारी बायका मागून ओळ उचलायच्या, ती तांदळाचे चार दाणे ठेवून त्याला जागा द्यायची आणि पुढच्या नावाकडे जायची. आमच्या गावाचा एकच नियम कडक: एकदा आवतण सुरू झालं की शेवटचा माणूस बसेपर्यंत धवलारणीनं उठायचं नाही. उठली तर बोलावलेले तसेच उभे राहतात आणि न बोलावलेले दारातून परत जातात. विधवेनं धवला म्हणायचा नाही अशी रीत, म्हणून नवरा गेल्यावर खरं तर तिनं ती जागा सोडायला हवी होती, पण गावात दुसरी कुणी नव्हतीच. गावानंच हातापाया पडून तिला परत बसवलं.

मी तिच्याबरोबर पुष्कळ मांडवांत गेले. तिची पिशवी धरायला, पाणी द्यायला. एकदा मी विचारलं, "बाय, घरच्या आवतणात तुमच्या नवऱ्याचं नाव तुम्हीच घेणार? तुम्ही तर कधी घेत नाही." ती म्हातारी खरंच नवऱ्याचं नाव घेत नसे. रेशनकार्डाच्या रांगेतसुद्धा 'भरतचा बापूस' लिहा म्हणून अडून बसली होती. माझ्या प्रश्नावर ती हसली नाही. "मांडवात मी कोनाची बायको नसतंय," म्हणाली. "भरतच्या लग्नात तो होता. आथा नातीचं होईल तवा मीच त्याला बोलवनार. नाव घेऊन."

नात म्हणजे भरतची मुलगी प्रियांका. बँकेत नोकरी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. तिच्या लग्नाचं आवतण म्हातारीनं मनात कधीपासून जपून ठेवलं होतं. तेवढंच मागणं होतं तिचं. बाकी तिला ना तीर्थ हवं होतं ना सोनं.

आणि तिच्या हाताची बोटं वाकडी होत चालली होती. सकाळी मूठ उघडत नसे. मनगटं गरम, गुडघे भोपळ्यासारखे. गावातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई बसायच्या, मी म्हातारीला खेचत तिथे नेलं. बाईंनी हात बघितले, पाय बघितले, दंडाला पट्टा बांधला आणि परत एकदा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या घरात होता. म्हातारी म्हणाली, "पट्टा घट्ट बांदलाव म्हनून आला." बाई म्हणाल्या, "आजी, दुसऱ्यांदा सैल बांधला होता."

मी ऐरोलीच्या एका ऑफिसात काम करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या फायली येतात, त्यातल्या आजारांना आम्ही कोड लावतो. दिवसभर परक्या माणसांचे रक्तदाब वाचायचे. संधिवात आणि उच्च रक्तदाब एकाच फायलीत इतक्या वेळा जोडीनं यायचे की ते सख्खे भाऊ असावेत असं मला वाटायचं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ते नातं मला समजावलं. म्हातारीचा संधिवात म्हणजे आमवात, त्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. ती आग सांध्यापुरती थांबत नाही, रक्तातून सगळीकडे हिंडते. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं, वाहिनीला वेळेला सैल सोडण्याचं काम त्याचं. त्यालाच सूज आली की वाहिनी आखडते, ताठ होते, आणि तेवढंच रक्त ढकलायला दाब वाढतो. वाढलेला दाब पुन्हा त्याच अस्तरावर आदळत राहतो, ते आणखी सुजतं. आधी कोण आणि नंतर कोण, हे प्रत्येक माणसात ठामपणे सांगता येत नाही असंही त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. एक मात्र ठाम होतं. ती पितळी डबीतली पांढरी गोळी दुखण्याची होती, मेडिकलवाला कुणालाही न विचारता देत असे. ती दुखणं मारायची खरं, पण अंगात मीठ-पाणी धरून ठेवायची, दाब चढवायची आणि मूत्रपिंडं खायची. ती बंद. तिच्याऐवजी दाबाची गोळी रोज सकाळी, आणि सांध्यांसाठी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. शिवाय मीठ कमी.

"मीठ?" म्हातारी खुर्चीतून उठलीच. "मिठागराची पोर मी. मिठात रांगलंय. मीठ माजा वैरी कसा होईल?"

"सुकट तरी कमी करा आजी."

"मंग खाऊ काय? तुजी चिठ्ठी?"

मोठ्या डॉक्टरांकडे ती गेली नाही. सीझन होता. एकेका आठवड्यात तीन-तीन हळदी. दाबाची जी गोळी मिळाली तिनं लघवी होऊन अंगातलं जास्तीचं पाणी निघायचं. म्हातारी तिला 'पान्याची गोली' म्हणायची, आणि पहिल्याच मांडवात तिला काय होणार ते कळून चुकलं. आवतण अर्ध्यावर असताना तिचा चेहरा पिळवटायला लागला. मी मागेच बसले होते. ती उठली नाही. आवाज चढवून, डोळे मिटून, घाम पुसत तिनं शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना बसवलं, आणि मग मला धरून धावत घराच्या मागे गेली. लुगडं ओलं झालं होतं. सकाळी मला बोलावून म्हणाली, "पान्याची गोली हळदीच्या दिवशी बंद."

"बाय, त्या गोळीला सुट्टी नसते."

"देवाला बोलावून मी मोरीत जाऊ? देव काय मोरीबाहेर उबा राहनार?"

"दाब वाढला तर?"

"वाढू दे. मना तर काय नाय समजत."

तीच गोची होती. तिला समजत नव्हतं. गुडघा ओरडून सांगतो, दाब काहीच सांगत नाही. हळदीच्या दिवशी मांडी घालून चार तास बसायचं तर गुडघा गप्प करावा लागे, म्हणून पांढरी गोळी दुप्पट, आणि मांडवातून उठायला लागू नये म्हणून पाण्याची गोळी शून्य. डॉक्टरीणबाईंनी ज्या दोन गोष्टी सांगितल्या त्यांच्या बरोबर उलट, आणि तेही नेमक्या त्याच दिवशी जेव्हा उन्हात, धुरात, उपाशी पोटी ती गळा ताणून गाणार. कुणी मुद्दाम मारायला बसलं असतं तरी याहून चांगली आखणी केली नसती. आणि हे सगळं श्रद्धेनं चाललेलं. वेडी असती तर बांधून ठेवता आलं असतं. ती शहाणी होती आणि तिच्या कामात पक्की होती.

मी परत डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोकं लावलं आणि लघवी न करवणारी दुसरी दाबाची गोळी दिली. मला वाटलं, सुटलं. म्हातारीनं ती इमानानं खाल्लीसुद्धा. पण त्या गोळीनं काहींच्या घोट्यांवर सूज येते. हिच्या आली. एका सकाळी तिनं नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा भरता भरेना. तिनं मला हाक मारून तो दाखवला, एखाद्या चोराला रंगेहाथ पकडल्यासारखा.

"बग. तू बोललीस सूज वाईट. सुजेनं दाब वारतो. मंग ही गोली सूज का देते?"

"ही सूज वेगळी आहे बाय. ती आतली, ही नुसतं पाणी—"

"सूज ती सूज. तुजी इंग्लिश सूज न माजी आगरी सूज, असं हाय का?"

मी बोलत राहिले. अस्तर, दाब, मूत्रपिंड. ती शांतपणे ऐकत होती, मांडवात लहान पोरं मध्येच बडबडली की ऐकते तशी. शेवटी म्हणाली, "बीयेस्सी, तुजा खरा असल. पन माजा पाय मना दिसतो, तुजा अस्तर मना दिसत नाय." दाबाची गोळी तिनं त्याच दिवशी गटारात फेकली आणि सूज उतरावी म्हणून पांढरी गोळी रोजची केली. आता सीझन नसतानाही. मी मेडिकलवाल्याशी भांडले. तो म्हणाला, "ताई, मी नाही दिली तर ती रबाळ्यातून आणेल." त्याचंही खोटं नव्हतं.

भरतला सांगितलं. भरत वाईट माणूस नाही, पण त्याचा दिवस साइटवर आणि संध्याकाळ पक्षाच्या ऑफिसात जायची. तो आईसमोर उभा राहून ओरडला, "आये, गोली खा नायतर मांडवात बसायचं बंद करीन!" ती सुपारी कातरत होती. "कर बंद," म्हणाली, "तुज्या पोरीचं आवतन कोन करंल? तुजा नगरसेवक?" खरंच कुणी नव्हतं. मागून ओळ उचलणाऱ्या दोघी म्हाताऱ्यांना पुढची नावं पाठ नव्हती. प्रियांकाला तिनं शिकवायला घेतलं होतं, तर पोरीनं विचारलं, "आजी, हे गुगलवर आहे का?" मीही एकदा म्हटलं होतं, मला शिकवा. तिनं माझ्या गालाला हात लावला. "तू लगीन करून जाशील तुज्या देवांकरं. आमचे देव तुना ओळखत नाय गो." अपमान नव्हता तो. तिच्या हिशेबात ती नुसती वस्तुस्थिती होती, आणि मलाच ती लागली.

प्रियांकाचं लग्न ठरलं तेव्हा म्हातारीच्या चेहऱ्यावर सूज होती. डोळ्यांखाली पिशव्या. भरतनं जबरदस्तीनं रक्त तपासून आणलं, रिपोर्ट मी वाचला. मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, लगेच दाखल करा, आणि मांडवात बसवू नका. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. मी तिला कुणापुढे हात जोडताना तेवढंच पाहिलं. "नातीचं आवतन करतंय, मंग तुमी सांगाल तिकरं झोपतंय. कापा, सुया टोचा. तोवर सोरा मना." बाईंनी चिडून विचारलं, "आणि तोवर काही झालं तर?" म्हातारी म्हणाली, "तोवर नाय व्हायचं."

मग मी सौदा केला. पाण्याची गोळी परत सुरू करायची, पण पहाटे उठल्या उठल्या घ्यायची. दुपारपर्यंत तिचा जोर ओसरतो. आवतण दुपारी चारला आहे, तोपर्यंत मोरीच्या फेऱ्या संपलेल्या असतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनासारखं नाही पण काहीच नसण्यापेक्षा बरं. म्हातारी चक्क कबूल झाली. रोज सकाळी मला गॅलरीत बोलावून जीभ बाहेर काढून दाखवायची, गोळी गिळल्याचा पुरावा म्हणून. दाब थोडा उतरला. पायाची सूजही उतरली. तेवढे दिवस मला वाटत होतं, जमतंय. आता वाटतं, तेवढे दिवस तरी कशाला मिळाले.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी फोटोवाल्याचा फोन आला. दुपारी त्याची दुसरी हळद होती, ड्रोनसकट. आमची उंबराची पूजा आणि 'ते आजीचं गाणं' सकाळी उरकलं तर छान उजेडात मिळेल, असं तो म्हणाला. सगळ्यांना पटलं. सकाळी तसंही ऊन कमी. आवतण चारवरून दहावर आलं. ते मला कुणी सांगितलं नाही. का सांगतील, मी भाडेकरू. सकाळी मी गॅलरीत आले तेव्हा खाली उंबराची फांदी रोवलेली होती आणि चांगुनाबाय हिरवं लुगडं नेसून मांडवात निघाली होती. मी धावत खाली गेले.

"गोळी?"

तिनं जीभ काढली नाही. "उद्या खाईन. दोन खाईन."

"बाय, भरतदादाला सांगा, दुपारी करू."

"फोटोवाला नाय थांबत," ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "न मी पन नाय थांबत आथा. चल, पिशवी धर."

ती बसली. बसताना गुडघा वाजला तो मला ऐकू आला. समोर फोटोवाल्याच्या दिव्यांचे स्टँड, त्यांची झळ थेट तोंडावर. तिनं सूर लावला आणि मला सांगायला हवं, तिचा आवाज त्या दिवशी तरुण बाईचा होता. गावदेवी आली. वेशीवरचे आले. खाडीचे, शेताचे, ज्या शेतांवर आता कंपन्या आहेत त्या शेतांचे. मिठागराचा राखणदार आला. म्हातारीचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळाच्या कडेची शीर टरारून वर आली होती. मग घरची माणसं सुरू झाली. सासरा आला, सासू आली, दीर आला. प्रत्येकाला तांदळाचे दाणे. पुढचं नाव बाळारामचं होतं. मला ठाऊक होतं, म्हणून मी सरसावून बसले. आयुष्यात न घेतलेलं नाव ती आता घेणार होती.

तिनं तांदळाची चिमूट उचलली. ती बोटांतून गळून पडली. तिनं परत उचलायचा प्रयत्न केला, हात ताटाच्या बाजूलाच चाचपडत राहिला. तोंड उघडं होतं, त्यातून आवाज निघाला, पण ते नाव नव्हतं, कुठलाच शब्द नव्हता. मागच्या बायका ओळीची वाट बघत थांबल्या. एक म्हणाली, "बाय विसरली." दुसरी म्हणाली, "विसरली नाय, रडते. नवऱ्याचं नाव हाय ना." बायकांचे डोळे भरून आले. फोटोवाला गुडघ्यावर बसून जवळून तिचा चेहरा घ्यायला लागला. ती शांतता लांबली तेव्हा कुणीतरी, चांगल्याच मनानं, डीजेवाल्याला खूण केली, म्हातारीला जरा दम घेऊ दे म्हणून. आणि मांडव हादरला.

त्या आवाजात मी ओरडत होते आणि मला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली घसरली होती. एक डोळा माझ्यावर होता. ती उठत नव्हती. आम्ही तिघांनी उचललं तरी डाव्या हातानं तिनं जमिनीवरचा पाट धरून ठेवला होता. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. वाकडी, गरम बोटं.

मेंदूत रक्तवाहिनी फुटली होती. प्रियांकाचं लग्न भटजीनं लावलं, तिथीला, ठरल्या हॉलमध्ये. भरतनं मला विचारलं, "तुला येतात का गं पुढची नावं? दोन-तीनच होती." नावं मला येत होती. पण मी म्हणून काय झालं असतं? मी त्या घरची नाही, त्या देवांची नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

चांगुनाबाय त्यानंतर पावसाळाभर जगली. तळमजल्यावरच्या खोलीत कॉट, नाकात नळी. सूनबाई दाबाच्या गोळ्या कुटून, पाण्यात घोळून, घड्याळ लावून नळीतून द्यायची. एकही चुकली नाही. डॉक्टरीणबाई घरी येऊन पट्टा बांधायच्या. एकदा त्या सवयीनं बोलून गेल्या, "बीपी छान आहे," आणि मग बराच वेळ पट्टा गुंडाळत बसल्या. म्हातारी ऐकत होती. तिला सगळं समजत होतं, हे सगळ्यात वाईट. मी ऑफिसातून येताना तिच्याजवळ बसायचे. ती डाव्या हातानं चादरीवर चिमूट उचलल्यासारखं करायची, ठेवायची जागा शोधायची आणि माझ्याकडे बघायची. घशातून ब, ब असा आवाज यायचा. मी एकदा तिच्या कानाशी म्हटलं, "बाळाराम." तिनं डोळे मिटून मान जोरात नाही नाही हलवली. मी म्हणून चालणार नव्हतं. मूत्रपिंडांनी काम सोडलं तेव्हा तिचं सगळं अंग सुजलं होतं, कुठेही बोट ठेवा, खड्डा.

तिला खाडीकडे नेताना गाव लोटलं. पोट सुटलेले सगळे बिल्डर रडत होते. भरतनं बापाशेजारी आईचा फोटो लावला.

पुढच्या सीझनला तिच्याच पुतण्याच्या घरी हळद होती. तिच्या सासऱ्याचं घराणं, म्हणजे त्या मांडवात आता ज्यांना बोलवायचं त्यांत तीही होती. मी गॅलरीत उभी राहिले. उंबराची फांदी रोवली होती, पाट मांडला होता आणि पाटावर निळा दिवा लुकलुकणारा एक स्पीकर ठेवला होता. कुणीतरी मोबाइलवरून आवतणाचा धवला लावला. खाडीपलीकडच्या, उरणकडच्या कुठल्याशा गावच्या धवलारणीचा आवाज, चांगला होता. त्यात तिकडची गावदेवी आली, तिकडच्या वेशीवरचे आले, कुठल्याशा घरची आम्हाला अनोळखी माणसं एकेक करून आली. इकडच्या बायका प्रत्येक नावाला तांदूळ ठेवत होत्या. गाणं संपलं, सगळ्यांनी पदर सारखे केले, आणि चांगुनाबायला कुणी बोलावलं नाही.